चार दहाची

रूळ उखडले त्या वर्षी
भंगारवाल्याने टनाचा भाव लावला.
स्लीपर गेले ज्याच्या त्याच्या परसात,
वाफ्यांना कड म्हणून;
अजून उन्हात डांबराचा वास येतो
राग्नाच्या मुळ्यांना.

आता बारीक चुनखडी अंथरलीय.
शनिवारी मॅडिसनहून सायकली येतात,
हेल्मेटं, बाटल्या, मागच्या गाड्यात झोपलेलं मूल.
चढ असा नाहीच. इंजिनाला सोसत नसे,
त्याचा फायदा आता गुडघ्यांना.
मी या टोकाला पंक्चर काढतो.

बोगद्यापाशी पाटी: उतरा, चालत जा.
पाऊण मैल काळोख, छतातून टपटप,
आणि तोंडाशी लाकडी दारं,
दोन पुरुष उंच.
विस्कॉन्सिनच्या थंडीत ती राग्नाचा बाप लावायचा.
गाडी आली की उघडायची, गेली की बंद,
नाहीतर आतलं पाणी गोठून दगड फोडायचं.
रात्रीतून सहा वेळा.
शेवटची गाडी गेल्यावरही
आठवडाभर खोपटात जाऊन बसला,
कंपनीचं पत्र यायचंय म्हणे.

राग्ना एक्याऐंशीची.
तीनचाकी बाहेर ठेवते, दिवाही,
आणि डावा हात भिंतीवरून फिरवत आत जाते
कोनाडे मोजत.
गाडी आली तर शिरायला केलेले ते.
सातव्यापर्यंत जाते. मग परत.

काल एक पोरगं न उतरताच
घंटी वाजवत घुसलं आत.
ती सरकली कोनाड्यात,
पाठ दगडाला, श्वास धरून,
त्याचा मिणमिणता दिवा जाईस्तोवर.

बाहेर आली, हात झटकले,
माझ्या घड्याळात डोकावली.
"चार दहाची," म्हणाली.
"तीन मिनिटं उशिरा."