स्वल्पविराम

रात्री दोन दहाला खिडकीतून बाटली आली.
आत बोटाच्या पेराएवढं मांस, राखी.
रक्त यायला हवं तिथे
भांडी विसळलेल्या पाण्यासारखं काहीतरी.
चिठ्ठीवर: त्सेंग वान-फू, बासष्ट, डावी पोटरी, बुदाय.
खाली शल्यगृहातल्या कुणाचं तरी तिरपं अक्षर: लवकर.

बुदायचा माणूस म्हणजे कालवं.
बांबूंच्या रांगांमधून कमरेइतक्या पाण्यात चालणारा.
जुलैत समुद्र आंघोळीला काढल्यासारखा कोमट,
आणि कालवाच्या कडेला सुरीची गरज नसते.
सकाळी ओरखडा. दुपारी त्यानं त्यावर तांदळाची दारू ओतली,
उरलेली प्यायला. संध्याकाळी पाय बुटात मावेना.
नऊ वाजता जांभळे फोड,
आणि बायकोला म्हणाला म्हणे,
"एवढंसं तर लागलंय, दुखतंय मात्र फार."
दिसतं त्याहून जास्त दुखणं.
हीच तर पहिली खूण.
ती सांगत असते, आणि घरचे शेक देत असतात.

मी काचेवर लेप देते, रंगवते, धुते, वाळवते.
भिंगाखाली कधी माळ येते, जांभळी, ओवल्यासारखी:
नातवाच्या घशातली,
आजोबांच्या खरचटलेल्या कोपरात उतरलेली.
कधी घोस.
कधी जाड आवरणातली ती, जिला मधुमेही माणसं मानवतात.
कधी पंगत बसावी तशा साऱ्या जाती एकदम.
आज एकच जात.
गुलाबी, बारीक, किंचित वाकलेली.
पानभर स्वल्पविराम
आणि वाक्य कुठेच नाही.

फोन लावला. कुणीतरी तो डॉक्टर यिनच्या कानाशी धरला असणार.
"वाकडे आहेत?"
"वाकडे आहेत."
"याचे डोळे पिवळे आहेत," ती म्हणाली,
"मी गुडघ्यापर्यंत आलेय. अजून निरोगी काही लागत नाही."

ती माझ्यासाठी थांबली नव्हती, हे बरं झालं.
जंतूच्या नावासाठी थांबलेला सर्जन
शेवटी रोग्याचंच नाव लिहितो, दाखल्यावर.
मी फार तर औषध बदलायला सांगते
आणि दुसऱ्या दिवशी बशीतले हिरवे ठिपके बघून
सही करते.

शंभरातले तीस, असं आम्ही शिकवतो.
यकृत खराब असेल तर पन्नास, कधी त्याहून वर.
विद्यार्थ्यांसमोर मी आवाज सपाट ठेवते.
पण तीस म्हणजे काय, ते मला या वहीत दिसतं:
ज्या नावांपुढे
दुसरा नमुना कधी आलाच नाही.
दुसरा नमुना म्हणजे अजून कापतायत,
म्हणजे अजून आहे.

दुसरी रात्र. पहाटेचे पाच. खिडकी रिकामी.
ठिपके उगवलेत, ठरल्याप्रमाणे, हिरवे, नीटस.
वडिलांना फोन लावते.
तेही बुदायचेच, ते याच वेळी निघतात.
"बूट घातलेत?"
"पाय उकडतात गं त्यात."
"आणि काल किती प्यालात?"
हसतात. मागे होडीचं इंजिन खोकतं, बंद पडतं,
पुन्हा खोकतं.
"तुझ्या किड्यांना सांग,
म्हातारं मांस चिवट असतं."
नसतं, बाबा. मी रोज बघते.
हे मात्र मला म्हणता येत नाही.

खिडकीवर टकटक.
बाटली. या वेळी मांडी.
त्सेंग वान-फू, बासष्ट.
"ऐकतेयस ना?" वडील विचारतात.
मान हलवते, जणू त्यांना दिसणार आहे.
वहीत त्याच्या नावापुढे
एक स्वल्पविराम देते
आणि वेळ लिहिते: पाच बावीस.