अकरा दिवस वीज नव्हती तेव्हा

वादळ गेलं आणि नवाबागेतले फ्रीज
एकदम गप्प झाले.
बंदीच्या आधी भरून ठेवलेली सुरमई, कोळंबी,
कुणाच्या मुंबईच्या दिराने आणलेलं चीज,
सगळं आतल्या आत घामेजत गेलं.

मी घाटावरची. वेंगुर्ल्याच्या पोस्टात बदली होऊन दुसरं वर्ष,
माशाला हात लावताना अजून श्वास धरणारी.
"आज नाय शिजवलास तर उद्या कोण खातला?"
म्हणत कुंदावयनींनी चार बांगडे ओट्यावर ठेवले,
आणि मेणबत्तीच्या उजेडात माझ्या हातून
सारात मीठ दोनदा पडलं.

त्यांनी पळी जिभेला टेकवली,
खिडकीतून समुद्राकडे बघितलं,
तिकडून काही सांडलंय का, अशा नजरेने.
मग म्हणाल्या,
"मीठ जास्त पडला नाय गो. सार कमी पडला."

अर्धा नारळ खवला, वाटला, पिळला.
दोन आमसुलं. चार तिरफळं ठेचून.
तांदळाच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा सोडला,
तो खार पीत पीत फुगला.
एकटीपुरतं सार नऊ जणांचं झालं,
तेव्हा रोझलीनला हाक गेली,
हलीमाचा धाकटा तर ताट घेऊनच आला.

भात खाली लागला होता.
ढवळायला गेले तर माझ्या मनगटावर चापट बसली.
वरचा वरचा दुसऱ्या टोपात,
करपलेल्याच्या बुडाशी ओला फडका.
खालची बातमी वर जाऊ द्यायची नाही.

दूध फाटलं पाचव्या दिवशी, सगळ्यांचंच.
रोझलीनने ते गुळावर आणि खोबऱ्यावर घोटलं.
"फाटला ता बरा झाला,
नायतर गोड खय गावला असता?"
मऊ पडलेले पापड निखाऱ्यावर,
आंबलेल्या पिठात तीन काळी केळी कुस्करून घावन.
हलीमा म्हणाली, माझ्या सासूच्या हातचेही असे नव्हते,
आणि लगेच दाराकडे बघितलं.

आरोळकरांच्या बागेत कैऱ्यांचा खच पडलेला.
गुरुनाथ पायरीवर वही उघडून बसला होता,
पेन टोपणातच.
आम्ही सात जणी विळ्या घेऊन गेलो.
फोडी मिठात, फोडी गुळात,
ऊन नव्हतं म्हणून आंबोशी चुलीवरच्या फळीवर.
त्याचं वर्ष काही बरणीत मावणारं नव्हतं.
कुणी तसं बोललं नाही.
विळ्यांचा आवाज तेवढा होता.

सुरमईला हळद-मीठ चोळलं, ती एक दिवस जास्त टिकली.
सातव्या दिवशी कुंदावयनींनी स्वतःचा फ्रीज उघडला.
तळाशी मोरी होती,
बोटीवरच्या अनंतासाठी ठेवलेली,
तो जूनमध्ये यायचा होता.
त्यांनी वास घेतला.
पुन्हा घेतला. एकदा पुरला असता.

मी म्हटलं, कोकम जास्त घालून?
तिरफळं? व्हिनेगर आहे रोझलीनकडे.
आठवडाभरात शिकलेलं सगळं म्हणून दाखवलं.

"वास लपवूक येता गो,
पोटाक फसवूक येणा नाय."

मागच्या दारी माडाच्या बुंध्याशी खड्डा खणला.
मीठ टाकलं, मोरी ठेवली, माती लोटली,
वर दगड, कुत्र्यांसाठी.
त्या हात धुवायला विहिरीवर गेल्या
आणि बराच वेळ धूत राहिल्या.

अकराव्या रात्री वीज आली.
सगळ्या घरांतून एकदम घुरघुर सुरू झाली,
आणि अंधारात अंगणात बसलेल्या आम्ही
एकमेकींची तोंडं बघत
कोण आधी उठतं याची वाट पाहिली.

अनंता आला तो ऑगस्टात.
त्याला कैरीचं लोणचं दिलं. मोरीचं कुणी बोललं नाही.

पुढच्या वर्षी त्या माडाची शहाळी
जास्त गोड लागली, असं सगळ्या म्हणतात.
मला काही फरक कळला नाही.
मी घाटावरची.