चौथं रीळ

शुक्रवारी रात्री सगळे आले. बाहेर ओळीनं पिकअप ट्रक,
मागच्या काचांशी आडव्या टांगलेल्या रायफली,
टपांवर भुरभुरता बर्फ.
एल्कच्या हंगामाचे शेवटचे दोन दिवस उरलेले,
तरी पोरं युद्धाचा सिनेमा बघायला उतरली डोंगरावरून.
पोरं म्हणजे साठीच्या पुढची,
अंगात तीच केशरी जाकिटं, बुटांना ओला चिखल.

मी तिकिटं फाडते, लाह्या विकते,
मग जिना चढून रीळ लावते.
कॉल्टर फोर्कसारख्या गावाला
या तिन्ही कामांना एक बाई पुरते.

प्रोजेक्टरशेजारच्या खिडकीतून मला
पडद्यापेक्षा त्यांच्या टोप्याच जास्त दिसतात.
पहिल्या चकमकीपासून गस लिंडक्विस्ट मोजू लागला, मोठ्यानं:
सहा, सात, आठ...
"नऊ! अरे, आठांची क्लिप ती, नववी कुठून आणली?"
"चर्चच्या दानपेटीतून," मर्ल म्हणाला.
"आणि बोट बघ त्याचं, चापावर! ट्रकमध्ये चढतोय
पुढच्याच्या पाठीला नळी लावून.
माझ्या बापानं कानफटात दिली असती."
"दिली होती. तुला. मी तिथंच उभा होतो."

नेमबाजानं लागोपाठ दोनदा झाडली, बोल्ट एकदाही न ओढता.
सार्जंटनं दम देताना दर वेळी खटका ओढला;
त्या हिशेबानं त्याची सगळी काडतुसं
त्याच्याच पायाशी पडलेली असणार.
रायफलीला धक्का नाही, खांद्याला दुखणं नाही,
एवढ्या भडिमारानंतर खंदकात दोघं
प्रेमपत्र वाचतायत कुजबुजत.
डाव्या कानानं बहिरा डेल विचारत राहिला,
"काय? काय म्हणाला तो?"

मेलेल्यांबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

मग चौथं रीळ.
एक पोरसवदा शिपाई, भिंतीआड.
समोर दारात शत्रू, दहा पावलांवर.
हा चाप दाबतो. काही नाही. पुन्हा दाबतो.
सेफ्टी लावलेलीच.
थिएटर हसून कोसळलं.
"दिग्दर्शकाला रायफल दाखवा रे कुणीतरी!"
"आमचा नातू नऊ वर्षांचा आहे, त्याच्याकडून होत नाही असं!"
गसला ठसका लागला, लाह्या पुढच्या रांगेपर्यंत उडाल्या.

टोप्यांमधली एक टोपी हलली नाही.
हार्लन स्टोइक. गल्लीकडेची खुर्ची, तीस वर्षं तीच.

नंतर लॉबीत, मशीनच्या बेचव कॉफीवर,
चुकांचा हिशेब पुन्हा सुरू झाला, सदतीसपर्यंत गेला.
हार्लन हातमोजे घालत होता, एकेक बोट, सावकाश.
म्हणाला, "ती सेफ्टीची धरू नका."
मर्ल म्हणाला, "का? तीच तर सगळ्यात..."
आणि थांबला.
ज्याच्यासोबत चाळीस हिवाळे शिकार केली
त्याच्या तोंडाकडे बघत थांबला.
कुणीतरी बर्फाचा विषय काढला.

रविवारी शेवटचा खेळ संपला तेव्हा
जिन्यावर पावलं वाजली. जड, मध्येच थांबणारी.
हार्लननं टोपी काढली, मशीनची चौकशी केली,
माझ्या आईची चौकशी केली, ती वारून सहा वर्षं झाली हे विसरून.
मग: "तो पोरगा दाखवशील?"

मी रीळ उलगडलं, पट्टी दिव्यासमोर धरली.
इवल्या इवल्या चौकटी, प्रत्येकीत तेच बोट,
तोच चाप, दारात तोच माणूस,
अजून न वळलेला.
त्यानं खिशातून चष्मा काढला आणि
अंगठ्याच्या नखानं मोजत गेला, गससारखा, पण मनात.
"एक्क्याण्णव. किती वेळ होतो याचा?"
"चोवीस चौकटींना एक सेकंद.
चार सेकंदही नाहीत, मिस्टर स्टोइक."

तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला.
दिव्याचा पंखा घरघरत होता.

"कमी आहेत," म्हणाला,
आणि चष्मा पुसायला घेतला.