सात नंबर

उद्यमबागेत तीस वर्षं लोखंड ओतलं,
आणि आज कॅम्पातल्या दुकानात
सात नंबरचं आयर्न धरून
नवशिक्यासारखा उभा.

ओतीव की घडीव?
ओतीव चूक पोटात घालतं, पोरगा सांगतो,
घडीव हाताला खरं काय ते कळवतं.

भरमा कॅडीचा फोन :
"हँडीकॅप अठरावर आलाय की तुमचा,
घडीवच घ्या बगा!"

नखानं टिचकी मारतो, कान लावतो.
फाउंड्रीत अशीच शोधायचो
आत राहिलेली पोकळी.

ओतीवच दे.
चुकायचंय अजून बरंच.
सात नंबर तेवढा वगळ.

सेट फुटत नाही, काका.

बरं. डिकीत सुभेदार कंग्राळकरांचा जुना सात आहे,
ग्रिपवर त्यांच्या अंगठ्याचा खड्डा.
माझा अंगठा त्यात बसायला
सहा वर्षं गेली.
राहतील दोन्ही.