पालकांसाठी वेगळा फॉर्म

लीड्सच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे भिंतभर मासे रंगवलेत
(काय सुचलं असेल रंगवणाऱ्याला)
दोन फॉर्म मिळाले.
एक रेवाला, वय आठ ते बारा.
एक मला.
एकमेकांचं बघायचं नाही, म्हणाली नर्स मॉरीन
आणि तिला खिडकीजवळचं टेबल दिलं.

गेल्या महिन्यात आपल्या पाल्याला
पुढील गोष्टींचा किती त्रास झाला?
कधीच नाही. क्वचित. कधी कधी. पुष्कळदा. जवळजवळ नेहमी.
पाच चौकोन, तांदळाच्या दाण्याएवढे.

जिने चढताना. पुष्कळदा.
धावताना. पुष्कळदा.
इतर मुलांच्या बरोबरीने राहताना –
इथे पेन थांबलं.
वर्गाच्या फोटोत ती पहिल्या रांगेत, मांडी घालून,
दरवर्षी पहिल्याच रांगेत,
आणि मागच्या रांगा उंच होत चाललेल्या.
जवळजवळ नेहमी.

झोप.
रात्री साडेआठला मी कोपरापर्यंत हात धुतो,
पिशव्या टांगतो, नळी जोडतो.
मग दहा तास ते यंत्र
तिच्या पोटात पाणी भरतं, काढतं, भरतं.
घोरतं, म्हणून तिने नाव ठेवलंय घोरपडेकाका.
अलार्म वाजला की म्हणते, काकांना ठसका लागला,
कूस बदलते, नळी मोकळी होते, काका गप्प.
याला चौकोन नाही.

खाणंपिणं.
बटाटे दोनदा उकळून पाणी फेकलेले,
चव त्या पाण्याबरोबर गेलेली.
आमटी मोजून. दिवसाचं सहाशे मिलिलिटर,
त्यातलं निम्मं गोळ्याच पितात.
आपल्या भाषेत पाणी फार स्वस्त आहे:
पैसा पाण्यासारखा जातो,
कुणी कुणाला पाण्यात पाहतं.
घरात हल्ली मी जपून बोलतो.

मॉरीनने दोन्ही फॉर्म एकाच चिमट्याला लावले
आणि मला दिसलं.
जिने: कधीच नाही.
"अगं, दोनदा थांबतेस तू."
"थांबणं म्हणजे त्रास नाही, बाबा. तिथे खिडकी आहे."
धावणं: क्वचित. "मी गोलकीपर असते."
झोप: कधीच नाही.
फक्त 'मला वाईट वाटतं' या ओळीत
कधी कधी, पेन्सिल कागदात रुतवून.

कधी गं?
ओटली रोडच्या सिग्नलला विचारलं.
"तुम्ही पाणी पिता ना, तेव्हा."
मी गप्प.
"पिता म्हणून नाही काही.
आई फ्रिजच्या दाराआड पिते.
तू बाथरूममध्ये, नळ सोडून. तरी घोट ऐकू येतात.
जेवताना टेबलावर माझा एकटीचाच पेला.
मी काय पोलीस आहे?"

मागच्या बसने हॉर्न दिला.
हिरवा केव्हाच लागला होता.

रात्री तिच्या आईने तीन पेले मांडले, काही न बोलता.
पाणी ओतल्याचा आवाज एवढा मोठा असतो
हे मी विसरलो होतो.
तिच्यासमोर प्यायलो. चोरट्यासारखाच, पण समोर.
"सात घोट," रेवा म्हणाली. "फुकट घालवलंस.
मी यात एकवीस करते."
आणि आपला इवलासा पेला उचलून
कसे ते दाखवायला लागली,
एक, जिभेखाली धरून,
दोन,

आत घोरपडेकाका अजून बंद होते.