डावखुरी

भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात शिवगणभाई
फळी वाजवून देतात, कलिंगड द्यावं तशी.
"शिवणीची आहे ताई, लोण्यासारखी कापाल.
फक्त ही एक गाठ सांभाळा."
गाठ मी सांभाळली. अंगठा नाही.

ठशाचं गणित तसं सोपं असतं :
कोरलं ते गेलं, ठेवलं ते काळं.
पहाटे साडेपाचचा लक्ष्मी रोड
म्हणजे बराचसा ठेवायचाच.
ओढलेली शटरं, झाकलेले पुतळे,
साड्यांच्या दुकानापुढे झोपलेलं कुत्रं,
खांबावरचा एक दिवा तेवढा खरवडून काढायचा
आणि त्या उजेडात झाडणारी एक बाई.

तीन पहाटा स्कूटरच्या सीटवर फळी टेकवून
थेट लाकडावरच रेखाटलं तिला,
दिसली तशी.

पाटी मात्र आठवणीने उलटी लिहिली.
'नवरंग वस्त्रनिकेतन'
आरशात धरून तपासलं पुन्हा पुन्हा,
वेलांटीची शेपटी कुठल्या अंगाला,
रफार कुठे कलतो.
पाटीवरची चूक पुण्यात खपत नाही,
लोक रस्त्यात गाडी थांबवून दाखवतात.

मग शाई, रूळ,
आणि भाताच्या डावाची पाठ कागदावर घासत घासत
सात ठसे निघाले. आठवा फाटला.
पाटी सुलटी, खणखणीत.
बस तेवढी उलट्या बाजूने येत होती.
कुणी काही म्हणालं नाही.
या शहरात ते चालून जातं.

पहिला ठसा नवसाबाईंना नेऊन दिला.
दिव्याखाली धरून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला.
"झाडू चांगला काढलाय," म्हणाल्या.
"पण ही मी नव्हं. मी डावखुरी."

आणि हसल्या.
"दुसरीत गुरुजींनी पट्ट्या मारमारून
जे जमलं न्हाई त्यांना,
ते तुम्ही एका कागदात केलं की!"

दुकानाच्या नावासाठी मी आरसा धरला होता.

दुसऱ्या पहाटे ठोकळाच घेऊन गेले,
नुसता दाखवायला, म्हणजे
चूक कशी झाली ते समजावून सांगायला.
त्यांनी हातातला झाडू भिंतीला लावला,
बोट फिरवत गेल्या खाचांतून :
दांडा, कोपर, खोचलेला पदर,
वरती डावा, खाली उजवा.
नखात काळं भरलं.
"हां. ही मी.
हे द्या मला. कागद ऱ्हाऊ द्या तुम्हाला."

मी म्हटलं, अहो, यात दुकान उलटं आहे.
"असू दे की. दुकान कुठं माझं हाय?"

रिवाज असा आहे की ठसे काढून झाले
की ठोकळ्यावर आडवी-तिडवी फुली कोरायची,
पुन्हा कुणी छापू नये म्हणून.
पटाशी पिशवीत होती.
शाई अजून ओली आहे,
पदराला लागेल, एवढंच मी सांगितलं.

ढकलगाडीच्या दांड्याला पिशवीत अडकवून
त्या झाडत निघाल्या सराफांच्या बाजूला.
पिशवी हलत होती.
अर्धा रस्ता काळाच होता अजून.

मी दोन्हीकडे पाहिलं,
बस कुठून येते याचा नेम नाही,
आणि पलीकडे गेले.