हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की खडकी शाखेत
माणसं जिवंत असल्याचं सांगायला येतात.
साडेनवालाच रांग. कानटोप्या, मफलर,
प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार, चष्म्याचं रिकामं घर.
दहाला मी काउंटर तीनवर बसते
आणि विचारते, नाव?

खरं तर विचारायची गरज नसते.
अंगठा ठेवा. हिरवा दिवा लागला, तुम्ही आहात.
लाल लागला तर
रुमालानं पुसा, पुन्हा ठेवा.

मल्लेश गड्डम. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, चौतीस वर्षं.
दहाही बोटं गुळगुळीत,
मोरीतल्या संपत आलेल्या साबणासारखी.
सात वेळा लाल.
चेहरा ओळखणारं अ‍ॅपही आहे,
पण त्याला मोतीबिंदूनंतरचे डोळे आवडत नाहीत.
"मॅडम, मी मीच आहे."
जरा थांबून, "दुसरं कोण असणार?"
मागे कुणीतरी हसलं.
मग ते सांगतच सुटले. टोकन नंबर, फोरमनचं आडनाव,
मुळेचं पाणी बोपोडीत शिरलं त्या रात्री
बायकोआधी उचलून माळ्यावर ठेवलेली शिलाई मशीन,
आणि त्यावरून बायको किती वर्षं बोलली नाही ते.
खरंच असणार.
पण मशीनला आठवणी घ्यायची सोय नाही.

त्यांच्यामागे टिळेकर, मुलीचा हात धरून.
पहिल्याच फटक्यात हिरवा.
"झालं काका."
"कुणाचं?"
"तुमचं. रघुवीर टिळेकर."
"ते गेले," काका शांतपणे म्हणाले. "माणूस बरा होता."
वैजयंतीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
खाली वाकून ती त्यांच्या स्वेटरचं
चुकीच्या काजात गेलेलं बटण काढत राहिली.

एफवायला, संध्याकाळच्या वर्गात
आमचे सर टेबलावर खडू ठेवायचे.
कुलूप लावून आपण घरी गेलो
की हा इथे असतो, कशावरून?
वर्गात आम्ही सात जण. मी म्हटलं, सकाळी येऊन बघू.
"सकाळचं सकाळी कळेल. रात्रीचं बोल."
पेपरात मला बेचाळीस पडले.
बँकेच्या परीक्षेत खडूबद्दल काही आलं नाही.

मशीन हरलं की कागदी फॉर्म असतो.
'सदर निवृत्तिवेतनधारकास मी समक्ष पाहिले असून
ते आज रोजी हयात आहेत.'
खाली सही, हुद्दा, शिक्का.
समक्ष या शब्दापाशी पेन अडतं.
मी काय पाहिलं? एक तपकिरी स्वेटर,
हलणारे ओठ, काचेवर धरलेली वाफ.
उरलेलं सगळं मी मानून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी एक सून आली होती.
सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, म्हणाली.
घरी जाऊन बघायचा नियम आहे. रांग दारापर्यंत होती.
मी केली सही.
मृत्यूचा दाखला मार्चमध्ये आला. तारीख ऑक्टोबरची.
पाच महिन्यांच्या पेन्शनीतून
नातीच्या क्लासची फी गेली होती, असं नंतर समजलं.
वसुलीचं पत्र मी लगेच टाईप केलं.
ते अजून ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरखाली.
चूक आहे, हे मला माहीत आहे.
दिवसा तर नक्कीच माहीत असतं.

फॅक्टरीचा भोंगा झाला. गड्डम अजून उभेच.
मी त्यांचे हात पाहिले, पुन्हा चेहरा पाहिला,
नियमापेक्षा जरा जास्तच वेळ. तेही अवघडले.
मग सही केली, शिक्का उमटवला,
शाई ओली होती म्हणून फुंकर मारली.

पोचपावतीची चार घड्यांची पुडी करत
त्यांनी विचारलं,
"हे किती दिवस चालेल?"
"एक वर्ष."
"बास झालं," म्हणाले,
आणि बाहेर जाऊन टिळेकरांना
पायरीवरून उतरायला हात दिला.